समुद्रावर जुनी रिमोटवाली हॉर्नेट पाच मिनिटांत गप्प होते? नवा ईएससी मागवायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमीची आहे आणि प्रत्येकाची जवळजवळ सारखीच. बॅटरी फुल, घरासमोर खळ्यात गाडी झकास पळते, समुद्रावर नेली की पाच-सात मिनिटं मजा येते, मग गचके खायला लागते, मग गप्प. उचलून सुरूच्या सावलीत ठेवली, आपण चहा पिऊन आलो, की परत चालू. परत थोडी पळते, परत गप्प. घरी आणून बघावं तर काहीच झालेलं नाही. मग कोणीतरी ठामपणे सांगतं की ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल, गेला, नवा मागवला जातो, तो लावला की एखादा दिवस बरं चालतं आणि पुढच्या रविवारी तेच रडगाणं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दहातल्या बहुतेक गाड्यांत ईएससी बिचारा नुसता तक्रार करत असतो, दुखणं खाली कुठेतरी असतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते दुखणं बहुतेक वेळा वाळू नाहीतर मीठ असतं.

आधी गाडी कुठली ते सांगतो. टामिया ह्या जपानी कंपनीची हॉर्नेट, रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी, १९८४ सालची, एक दशांश स्केल, फक्त मागची चाकं ओढणारी, ५४० मोटर. हिची जोडीदार ग्रासहॉपर पण त्याच वर्षाची, पण तिला लहान ३८० मोटर. आमच्या रत्नागिरी-राजापूर बाजूला ह्या गाड्या कुवेत-दुबईला गेलेल्या माणसांनी आणल्या, टेपरेकॉर्डर आणि सेंटच्या बाटल्यांबरोबर पोरासाठी म्हणून, पोरगा मोठा झाला आणि गाडी माळ्यावर गेली. माझी पण अशीच एका चाचांच्या माळ्यावरून आलेली, "घेऊन जा रे, नायतर उंदीर खाणार" म्हणाले. जुनी म्हणून कोणी विकत असेल तर खोका असला तर बघा, मूळ गाडीचा नंबर ५८४५ असा चार आकडी आहे, २००४ ला कंपनीने परत काढली तिचा ५८३३६. दोन्ही चांगल्या, फक्त भाव एकसारखा देऊ नका. आणि खोलायच्या आधी एक, हिचे स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे आहेत, आपला साधा फिलिप्स पाना त्यात नीट बसत नाही, वर उचलतो आणि डोकं खातो, चाळीस वर्षं जुना स्क्रू एकदा गोल झाला की मग ड्रिल. जेआयएसचा पाना ऑनलाइन मिळतो, घ्याच.

आता मुद्द्यावर. गाडी गप्प झाली की धावत जाऊन उचलू नका, स्विच पण मारू नका. लांबूनच रिमोटवर स्टिअरिंग फिरवून बघा. अर्धं उत्तर इथेच मिळतं आणि हे कोणी करत नाही, सगळे आधी स्विच बंद-चालू करतात आणि पुरावा घालवतात.

स्टिअरिंग फिरतंय पण मोटर गप्प, म्हणजे रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या गाडीतल्या डबीला) करंट मिळतोय, ईएससीने मोटर मुद्दाम तोडली आहे. तो दोनच कारणांनी तोडतो, स्वतः तापला किंवा बॅटरीचं व्होल्टेज खाली आलं असं त्याला वाटलं. ट्रिगर सोडून लगेच हळू दाबला आणि गाडी दोन-चार फूट सरकून परत थांबली तर व्होल्टेज. काही केल्या हलतच नाही आणि चांगली पाच-दहा मिनिटं ठेवल्यावर मग हलते तर गरमी, तेव्हा जाऊन हात लावा, चटका बसेल.

स्टिअरिंग पण मेलं, सगळंच बंद, तर प्लग, स्विच किंवा त्यांच्या वायरी. आणि गाडी बंद नाही पण स्टिअरिंग आपोआप थरथरतंय, मोटर तुटक तुटक चालते, तर मोटरचा नॉइज रेडिओत जातोय. ह्या तिन्ही गोष्टींना लोक एकच नाव देतात, "बंद पडते", म्हणून उपाय चुकतो.

(गाडीत अजून मूळचा मेकॅनिकल स्पीड कंट्रोल असेल, म्हणजे एक सर्व्हो, रिमोटच्या हुकमाने फिरणारी छोटी मोटर, पट्टी फिरवतो आणि बाजूला सिरॅमिकचा रेझिस्टर आहे, तर त्यात असलं कटऑफ वगैरे काही नसतं. तिथे बंद पडली तर पट्टीचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. अर्ध्या स्पीडला रेझिस्टर तापतो ते नॉर्मल आहे, बोट लावू नका. हा भाग बदललात तरी टाकून देऊ नका, डबीत ठेवा, जुनी गाडी घेणारा माणूस आधी तोच विचारतो.)

सगळ्यात जास्त गाड्या गरमीवाल्या असतात म्हणून तिथे जरा थांबू. करंट दुप्पट झाला की वायरीत आणि मोटरच्या वाइंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते. म्हणजे गिअरबॉक्स जरासा जड फिरत असेल, वर सुकी भुसभुशीत वाळू, वर एप्रिल-मेचं ऊन, की झालंच. अंगणात चालते आणि समुद्रावर नाही ह्यात गूढ काही नाही. आता जडपणा कुठे आहे ते शोधायचं. गाडी पावडरच्या डब्यावर नाहीतर विटेवर ठेवा, मागची चाकं हवेत. बॅटरी काढलेली. एक चाक हाताने फिरवा, दुसरं उलट्या दिशेला फिरलं पाहिजे, हा डिफरेन्शियल ठीक असल्याचा पुरावा. मग दोन्ही चाकं एकदम पुढे ढकला, आता मोटर पण फिरेल, थोडं अडत अडत फिरणं बरोबर आहे, ते मॅग्नेटचं आहे. पण कर्र कर्र आवाज आला, किंवा एका ठराविक जागी अडून पुढे गेलं, तर आत वाळू आहे किंवा दाताच मोडलाय.

कान आणि हात पुरत नसतील तर मल्टिमीटर. लाल प्रोब १० अँपच्या सॉकेटमध्ये, मीटर बॅटरीच्या प्लस वायरीत सिरीजमध्ये, चाकं हवेत, ट्रिगर हळूहळू पूर्ण. आधी मोटर गाडीतून काढून नुसती फिरवा, मग बसवून. नुसती चांगली मोटर दोन-तीन अँपच्या आत फिरते. गाडीत बसवल्यावर थोडा वाढणारच, पण पाच-सहाच्या वर गेला तर गिअरबॉक्स किंवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी कडी) मोटरला धरून ठेवतायत. दहा-पंधरा सेकंदांत उरका, साधे मीटर एवढाच वेळ १० अँप सहन करतात. आणि मीटर लावलेला असताना चाकं जमिनीला टेकवायची नाहीत, फ्यूज उडतो.

नुसती मोटरच जास्त करंट घेते असं दिसलं तर आता आपल्याकडची खास भानगड. रत्नागिरीत मांडवीचा काळा समुद्र सगळ्यांना माहिती आहे, पलीकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. ती काळी वाळू काळी आहे ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटमुळे, आणि मॅग्नेटाइट लोहचुंबकाला चिकटतं. शाळेत असताना कागदाखाली मॅग्नेट फिरवून वाळूची मिशी सगळ्यांनीच काढली असेल. आता तीच वाळू आणि ५४० मोटर, जिच्या पत्र्याच्या आत दोन मोठे मॅग्नेट आहेत, पत्र्याला हवेसाठी भोकं आहेत, आणि जी ह्या गाडीत मागे उघडीच बसते, मागच्या चाकांनी उडवलेली सगळी वाळू अंगावर घेत. साधी वाळू आत गेली तर निम्मी झटकून बाहेर पडते. ही बाहेर पडत नाही. आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) आणि मॅग्नेटमधली फट एवढीशी, त्यात काळे कण उभे राहतात आणि घासत बसतात. मोटरच्या भोकातून टॉर्च मारून तिरकं बघा, मॅग्नेटच्या कडेला काळी लव उगवल्यासारखी दिसते, बोट लावलं तर पुसली जात नाही, नुसती सरकते.

तुमच्या किनाऱ्यावर किती आहे ते बघायला जुन्या स्पीकरचा मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवा. पिशवी न घालता फिरवलात तर तो मॅग्नेट आयुष्यभर दाढी घेऊन फिरेल.

साफ कशी करायची? हवा मारून निघत नाही, उलट कम्प्रेसरच्या हवेने अजून आत बेअरिंगकडे जाते. पोरांची मऊ प्लास्टिसिन क्ले मिळते, तिची बारीक वळी करून भोकातून मॅग्नेटच्या कडेवर दाबायची आणि ओढायची, कण चिकटून येतात. कंटाळवाणं काम आहे, मॅच बघताना करा. क्ले आत तुटू देऊ नका आणि कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागाच्या, बाजूला नेऊ नका. साध्या चंदेरी ५४० चा पत्रा दुमडून बंद केलेला असतो, तो उचकटून उघडायच्या भानगडीत मी पडत नाही, कारण परत तसाच बसत नाही आणि नवीन मोटर फार महाग नाही. पुढच्या वेळेसाठी भोकांवर नायलॉनच्या पातळ मोज्याचा तुकडा ताणून रबर बँडने बांधा. टेपने भोकं बुजवू नका, हवा बंद झाली की मोटर वाळूशिवायच मरेल.

मोटर हलकी आहे आणि गिअरबॉक्स जड, तर बुश. किटमध्ये बऱ्याच ठिकाणी बेअरिंग नाही, बुशच होते. बुशमध्ये वाळू शिरली की ग्रीसबरोबर तिची पॉलिश पेपरसारखी लुबदी होते आणि ती शाफ्टलाच खाते, आणि त्यावर उपाय म्हणून लोक अजून ग्रीस भरतात. जुनं ग्रीस पूर्ण काढा. गिअर आणि शाफ्ट सुटे करून रॉकेल मिळालं तर रॉकेलमध्ये, नाहीतर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने. प्लॅस्टिकच्या खोक्याला आणि बॉडीला पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावायचं नाही, हॉर्नेटची बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे, थिनरने तडकते. परत बसवताना दात्यांवर पातळ थर पुरे, बोटाने लावलेला, डबा ओतायचा नाही. गिअरबॉक्सची दोन खोकी जुळतात त्या फटीवर आतून ग्रीसची बारीक रेघ ओढा, वाळू तिथेच अडकते, आणि बाहेरून पुसून घ्या.

आणि बुशच्या जागी बॉल बेअरिंग घाला. ह्या गाडीवर पैसे घालायची पहिली जागा हीच आहे, मोटर नाही, ईएससी नाही. पुढच्या चाकांना ११५० लागतात, म्हणजे बाहेरून ११ मिमी, आतून ५, जाडी ४. गिअरबॉक्समधले मागवायच्या आधी व्हर्नियरने मोजून घ्या, कारण माळ्यावरच्या गाडीत मागच्या मालकाने काय काय बसवलं असेल ते तोच जाणे. पत्र्याच्या झाकणाचे घेऊ नका, रबर सीलचे घ्या. रबरवाले जरासे जड फिरतात म्हणून रेसवाले नाक मुरडतात, मुरडू देत, त्यांच्या ट्रॅकवर खारं पाणी नसतं.

आता दुसरी टोळी, व्होल्टेजवाली. इथे आधी ईएससीवरचा जम्पर, म्हणजे बॅटरीचा प्रकार निवडायची छोटी टोपी, बघा. साध्या साठ अँपच्या ब्रश्ड ईएससीवर लायपो (लिथियम पॉलिमर) आणि नायएमएच (निकेल मेटल हायड्राइड) असे बॅटरीचे दोन पर्याय असतात. जम्पर लायपोवर आणि गाडीत सहा सेलची जुनी नायएमएच असेल, तर वाळूत लोड आला की तिचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि ईएससीला वाटतं लायपो संपली, तो कट मारतो. बॅटरीत भरपूर जीव असताना. उलटं केलंत, लायपो लावून जम्पर नायएमएचवर ठेवलात, तर गाडी वेळेवर बंद पडणार नाही आणि बॅटरी मात्र फुगेल, सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेलेली लायपो परत धड होत नाही. सेकंडहँड गाडी घेतली की पहिली गोष्ट ही बघायची, रंगबिंग नंतर.

जम्पर बरोबर असेल तर प्लग. पांढऱ्या प्लॅस्टिकचा जुना दोन पिनांचा प्लग खाऱ्या हवेत काही वर्षं राहिला की आतल्या पिना काळ्या-हिरव्या होतात, बाहेरून मात्र ठाकठीक दिसतो. तो तपासायची सोपी रीत आहे, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब प्लगच्या अलीकडच्या लाल वायरीत मागून टोचायचा, दुसरा पलीकडच्या लाल वायरीत, आणि दुसऱ्या कोणाला तरी गाडी पायाने अडवून ट्रिगर अर्धा दाबायला सांगायचा, दोन सेकंद. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर हिशोब करा, १० अँपला अर्धा व्होल्ट म्हणजे ५ वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत, प्लॅस्टिक वितळणारच. मग काळ्या वायरीचं पण तसंच बघा. उपाय म्हणजे प्लग कापून एक्सटी६० जातीचा प्लग लावणे, बॅटरी आणि ईएससी दोन्हीकडे, जमत नसेल तर टीव्ही रिपेअरवाल्याकडून सोल्डर करून घ्या, पण बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत, एकेक कापून टेप लावायची, नाहीतर दुकानात दिवाळी होईल. स्विच पण ह्याच रोगाचा बळी असतो. सगळंच बंद पडणाऱ्या गाडीत स्विच हलवून बघा, स्टिअरिंग जिवंत झालं तर सापडला चोर.

थरथरणाऱ्या गाडीला फार काही लागत नाही. मोटरवर तीन सिरॅमिक कॅपॅसिटर हवेत, १०४ नंबरचे, एक दोन टर्मिनलमध्ये आणि एकेक प्रत्येक टर्मिनलवरून मोटरच्या पत्र्याला. पत्र्यावर आधी पॉलिश पेपर मारा नाहीतर सोल्डर धरत नाही. जुना २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला रेडिओ असेल तर तो शोकेसमध्ये ठेवून २.४ गिगाहर्ट्झचा घ्या.

बॅटरीबद्दल एक राहिलं. हॉर्नेटची बॅटरी खालून चॅसिसमध्ये बसते आणि ती जागा गोल कडांच्या जुन्या ७.२ व्होल्ट पॅकसाठी आहे. चौकोनी हार्डकेस लायपो तिथे जात नाही म्हणून लोक चॅसिस कानशीने घासतात. नका घासू. गोल कडांची २एस (दोन सेलची) लायपो मिळते, ती शोधा, चॅसिस परत मिळणार नाही. आणि ब्रशलेसचं, म्हणजे ब्रश नसलेल्या जास्त जोरदार मोटरचं, विचाराल तर माझं मत नाही असं आहे. हिचा मागचा गिअरबॉक्स आणि ॲक्सल एकसंध वरखाली होतो, ग्रासहॉपरचंही तेच, दगडावर एक चाक चढलं की अख्खी मागची बाजू उडते, ती बेडकासारखी उड्या मारत जाते हीच तिची गंमत आहे. तिला ताशी साठने पळवायचं असेल तर दुसरी गाडी घ्या.

चालवून आणल्यावर पाइप लावून धुवायची नाही. गोड्या पाण्यात फडकं पिळून पुसा, मऊ ब्रशने कोपरे झाडा, चाकं काढून बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. बॅटरी काढून ठेवा, स्विच बंद असला तरी. पावसाळ्यात लायपो सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, गाडी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. इथल्या जुलैत बरणीतलं मीठ पाणी सोडतं, तिथे कमानीच्या स्प्रिंगा काय टिकणार.

आणि खरं सांगू तर समुद्रापेक्षा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, न्या. जांभ्याची लाल धूळ पण घाण आहे, पण ती मॅग्नेटला वाळूसारखी बिलगत नाही आणि खारी तर नाहीच. दापोली-गुहागर बाजूच्यांनी हे जास्तच मनावर घ्या, वेळास, आंजर्ले, गुहागरला थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कासवांची घरटी असतात, त्या दिवसांत भरतीच्या रेषेच्या वरच्या सुक्या वाळूत काट्याची चाकं फिरवायची नाहीत, आपल्या ह्या खेळण्यातल्या गाडीची पण नाहीत.

एवढं सगळं नीट निघालं, बेअरिंग नवे, प्लग नवा, जम्पर बरोबर, मॅग्नेट स्वच्छ, आणि तरी मोटर एकटीच फिरवली तरी तापते आणि भोकातून बघितलं तर ब्रशपाशी सतत मोठी निळी ठिणगी, तर कम्युटेटर संपलाय. सततच्या गरमीने मॅग्नेट पण उतरलेले असतात. त्यावर इलाज नाही, नवीन ५४० घाला, जुनीचं पिनियन (शाफ्टवरचा छोटा गिअर) काढताना आधी बारीक ॲलन स्क्रू ढिला करायला विसरू नका, पक्कडीने ओढलंत तर शाफ्ट वाकेल आणि पिनियनही जाईल.